कच्च्या रंगावरचं कुंकू

"मामा, खरं सांगा, त्या कंपनीच्या दुकानात गाडीचा रंग बरा मारतेत का?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दवाखान्याच्या रांगेत विचारला गेलाय, आणि एकदा तर मयतीला गेलो असताना तिरडी बांधणाऱ्याने सुतळी दातात धरून विचारलाय. गाड्यांना रंग मारणाऱ्या माणसाला लोक दुसरं काही विचारतच नाहीत. माझी उमर याच कामात गेली. आधी अक्कलकोट रोडला माझी स्वतःची पत्र्याची शेड होती. शेवटची काही वर्षं मात्र अशाच एका स्वस्त रंगाच्या कंपनीत हेड पेंटर म्हणून काढली. तिच्या शाखा गावोगाव आहेत. नाव सांगत नाही. चांगलं बोललो तर जाहिरात होईल, वाईट बोललो तर बदनामी होईल, आणि मला दोन्ही बोलायचं आहे.

आधी बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगतो. रंगाचं काम हे मुळात रंगाचं नसतंच, घासण्याचं असतं. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, त्यावर पुट्टी भरायची, पाण्यात भिजवलेल्या कागदाने ती घासायची, प्रायमर मारायचा, परत घासायचं. मग रंग. आणि रंगावर काचेसारखा एक थर, त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. गाडी चमकते ती या क्लिअरमुळे. गन हातात धरून फवारा मारायचं काम सगळ्यात थोडं, पण गिऱ्हाईक नेमकं तेवढंच बघायला येतं आणि फोटो काढून जातं. घासताना कुणी फोटो काढलेला मला आठवत नाही.

माझ्या शेडमध्ये जे नव्हतं ते कंपनीकडे होतं. धूळ येणार नाही अशी बंद खोली होती, रंगाची छटा जुळवायचं मशीन होतं, आणि रंग भाजून पक्का करायची भट्टी होती. आपल्या सोलापुरात धुळीला काय तोटा. शेडमध्ये मी जमिनीवर पाणी मारायचो, दारावर ओलं गोणपाट टाकायचो, आणि तरी एका डॉक्टरांच्या काळ्याभोर गाडीच्या टपावर माशी येऊन बसली ती बसलीच. रंगासकट वाळली. कंपनीत तसलं काही होत नव्हतं. तिथे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे वेळ. 'तीन दिवसांत गाडी नव्यासारखी' असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मग दिवे आणि हँडल न काढता कागद चिकटवून झाकायचे, दोनदा घासायचं तिथे एकदा घासायचं. वर्षभराने त्या कागदाच्या कडेला रंग सुटायला लागतो. तोवर गिऱ्हाईक विसरलेलं असतं, किंवा गाडी विकून मोकळं झालेलं असतं.

सगळीच गिऱ्हाइकं विसरत नाहीत म्हणा. नवी पेठेतले एक कापडवाले होते. आयुष्य साड्यांचे रंग बघण्यात गेलेलं. गाडी न्यायला येताना ते खांद्यावर पैठणीचा एक तुकडा टाकून आले आणि म्हणाले, "पेंटर, ट्यूबलाइटखाली काय दाखवता? साडी आम्ही बाहेर उजेडात नेऊन दाखवतो." गाडी उन्हात काढली. नवा मारलेला दरवाजा आणि जुना दरवाजा, दोन्हींत फरक होता. त्यांना दिसला आणि मलाही. मॅनेजरला काही दिसेना. मी दरवाजा परत मारून दिला. मला ते कापडवाले मनापासून आवडले.

तर आमच्या धंद्यात दिवाळी म्हणजे दसरा. प्रत्येकाला गाडी दसऱ्याच्या आधी हवी, कारण त्या दिवशी तिची पूजा. आणि आमचा खरा घोर तिथूनच सुरू होतो. नवा रंग हाताला वाळतो, पण आतून कच्चा असतो. भट्टीत भाजला तर पुष्कळसा पक्का होतो, नाहीतर दोन-तीन आठवडे तसाच राहतो. अशा कच्च्या रंगावर आपण काय करतो? बरोबर बॉनेटच्या मधोमध हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतो. कुंकवाची लाली त्या क्लिअरमध्ये शिरते. पांढरी गाडी असली तर गुलाबी स्वस्तिक कायमचं. रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी उन्हाचा, डांबराचा, पाखरांच्या घाणीचा विचार केलेला असतो. कुंकवाचा कुणी केलेला नाही.

मी प्रत्येकाला सांगायचो, काचेवर लावा, टायरला लावा, पत्र्याला नको. "व्हय व्हय मामा" म्हणायचे. दसऱ्यानंतर दुकानासमोर गुलाबी स्वस्तिकांची रांग लागायची.

गेल्या वर्षी दसरा चार-पाच दिवसांवर आला आणि भट्टी बंद पडली. दुरुस्तीवाला पुण्याचा, तो म्हणाला सणानंतरच येईन. वरून परतीचा पाऊस, हवा ओली. आत गाड्या उभ्या, बाहेर गाड्या उभ्या, आणि मॅनेजरच्या फोनला दम नव्हता. मॅनेजर पोरगा वाईट नव्हता. त्यालाही पुण्याहून कुणीतरी रोज दटावत होतं. तो मला म्हणाला, "मामा, हाताला चिकटत नाही ना? मग द्या गाडी." मी म्हणालो, "साहेब, हाताला चिकटत नाही, कुंकवाला चिकटेल." तो हसला. मला हसू येईना.

त्या गाड्यांत मल्लिनाथची पांढरी गाडी होती. मल्लिनाथ अक्कलकोटकडचा, भाड्याने गाडी चालवणारा, पस्तिशीचा शांत माणूस. आदल्या हंगामात रात्री पुण्याच्या रस्त्याला टेंभुर्णीजवळ उसाच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला होता. ट्रॉलीला मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. आपल्या जिल्ह्यात ऊस सुरू झाला की रस्त्यावर ही काळी भिंत कुठेही उभी असते. पाय मोडला, कित्येक महिने घरी बसला. गाडी ताडपत्रीखाली. आता त्याला एक काम मिळत होतं. चिंचोळीच्या एका कारखान्यातल्या साहेब लोकांना रात्री पुण्याच्या विमानतळावर सोडायचं आणि येणाऱ्यांना घेऊन सकाळी परत यायचं. बारमाही काम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस गाडी बघणार होता. गाडी पांढरी हवी, अपघाताची खूण दिसता कामा नये, डाग नको, अशी अट. एवढं जमलं तर घर पुन्हा उभं राहणार होतं.

गाडीचा पुढचा सगळा भाग मी स्वतः केला. पत्रा सरळ झाल्याची दोनदा खात्री केली, मगच गन धरली. भट्टी नाही म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता, त्या भरात बॉनेटवर क्लिअरचा एक हात जास्तीचा मारला. मॅनेजरला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मल्लिनाथ बायकोला घेऊन गाडी न्यायला आला. महादेवी तिचं नाव. घरी कडक भाकरी करून दुकानांना देते. मल्लिनाथ गाडीभोवती फिरत होता, ती एका जागी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी नेहमीचं सांगायला सुरुवात केली, तर ती पुढे आली.

"कुंकू लावलं तर काय होतंय, अण्णा?"

"डाग पडतो."

"पुसून निगत न्हाय?"

"नाही निघत, ताई."

"किती येळ ऱ्हायलं तर?"

"सकाळी लावलं आणि संध्याकाळी पुसलं तरी गेलं काम. पाण्यातलं लावलं तरी. तेलातलं असेल तर बघायलाच नको, फारच आत उतरतं. तुम्ही आपलं काचेवर लावा."

तिने मान हलवली. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत एक तरी माणूस माझं नीट ऐकून घेतोय, असं मनात आलं.

दसऱ्याच्या सकाळी मी ज्यांनी ज्यांनी गाड्या नेल्या होत्या त्यांना फोन लावत बसलो. आमच्या मंडळी म्हणाल्या, "आज तरी माणसात या." कुणी फोन उचलून "काचेवरच लावलंय" म्हणालं, कुणी "अगं, थांब थांब" असं आत ओरडलं. मल्लिनाथचा फोन लागेना. थोडा वेळ तसाच बसलो, मग राहवेना. स्कूटर काढली आणि होटगी रोडच्या पलीकडे त्याच्या घरी गेलो.

गल्लीत शिरतानाच दिसलं. पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर वीतभर लांबीरुंदीचं लालभडक स्वस्तिक. जवळ जाऊन बोट न लावता वाकून वास घेतला. शेंगदाण्याचं तेल. शेंदूर तेलात कालवतात, कुंकू कुणी तेलात कालवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मल्लिनाथ फुलं आणायला गेला होता, तो माझ्या मागोमाग आला. त्याच्या हातातली झेंडूची पिशवी तशीच राहिली. तो बायकोला म्हणाला, "अगं, सांगितलं हुतं न्हवं मामांनी? पूस ते आदी."

महादेवी दारात ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "सणाच्या दिवशी कुंकू पुसायला सांगताव व्हय मला? आन् तेबी तुमच्या गाडीवरचं?"

मल्लिनाथने झेंडूची पिशवी पायरीवर ठेवली. मीही फडकं खिशातच ठेवलं. ज्या गाडीत नवरा मरता मरता वाचला, तिच्यावरचं कुंकू दसऱ्याला पुस असं कुठल्या बाईला सांगायचं? शेवटी सूर्य मावळल्यावर पुसायचं ठरलं. तोवर ते आत उतरत राहणार होतं. ऊन भिंतीवरून सरकत बॉनेटकडे येत होतं आणि मी अंगणातल्या खुर्चीवर बसून त्या उन्हाकडे बघत होतो. पुरणपोळी समोर आली, ती कशी लागली ते सांगता येणार नाही.

मल्लिनाथ शेजारी आपट्याची पानं द्यायला गेला. तेवढ्यात महादेवी चहा घेऊन आली आणि कप माझ्या हातात देऊन तिथेच पायरीवर बसली.

"अण्णा, उद्या सकाळी हे गाडी तुमच्याकडं घिऊन येतील. डाग निगत न्हाय म्हणून सांगा."

मला आधी कळलंच नाही. मग तेलाचा वास आठवला, आणि आदल्या दिवशीचे तिचे प्रश्न. हातातला कप मी खाली ठेवला.

"तुम्ही मुद्दाम लावलंत?"

"व्हय." तिने मान खाली घातली नाही. "मागल्या साली फोन आला तवा मी भाकऱ्या थापत हुते. पीठ तसंच हाताला, तशीच दवाखान्यात गेले. तवापासनं फोन वाजला की माजे हात गार पडतेत. आता साखर कारखान्याचं बॉयलर पेटंल, ऊस सुरू हुईल, आन् हे रोज रात्री त्याच रस्त्यानं जाणार. मी रोज कशी झोपू? तुमी सांगा की."

"अहो, पण घर?"

"मी हाय की. भाकरीची गिऱ्हाइकं वाडलीत. ह्यांनी दिवसा शाळेची पोरं न्यावीत. मी म्हणले, तर ऐकत न्हाईत. बायकोच्या जिवावर बसून खाऊ का, म्हणतेत. तुमचं ऐकतेत. तुमी पेंटर, तुमी न्हाय म्हणला म्हंजे न्हाय."

मी म्हणालो, बघतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मल्लिनाथ दारात उभा. रात्री पुसलेल्या स्वस्तिकाच्या जागी गुलाबी स्वस्तिक, मला अपेक्षित होतं तसंच. तो नुसता म्हणाला, "मामा, कायतरी करा की." डोळे तारवटलेले. कारखान्याचा माणूस दुपारी येणार होता.

मी बॉनेटवर हात फिरवला आणि मला कळलं. जास्तीचा जो एक हात क्लिअर मारला होता, डाग त्या वरच्या थरातच थांबला होता. बारीकातल्या बारीक कागदाने, पाणी घालत, हळूहळू घासलं तर निघण्यासारखा होता. जरा जोर जास्त झाला तर खालचा रंग उघडा पडेल आणि सगळंच संपेल, पण निघण्यासारखा होता.

नाही निघत, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते म्हटले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी बॉनेटला हात लावून उभा राहिलो. एकीकडे पायरीवर बसलेली ती बाई दिसत होती, दुसरीकडे हा समोर उभा, घरात बसून बसून खांदे पडलेला. त्याच्या संसारातला निकाल मी खोटं बोलून का लावावा? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण मनाला विचारलं तर त्यात आणखीही काही होतं. डाग निघण्यासारखा आहे हे कळल्यावर माझा हात थांबायला तयार नव्हता. आयुष्यभर त्याला तेच शिकवलेलं.

"पाणी आण," मी म्हणालो.

घासताना श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. बोटांच्या टोकांना थर जाणवतो, किती उरलाय ते कळतं. ते सांगून शिकवता येत नाही. स्वस्तिकाची एक एक बाजू फिकट होत गेली. मधला जोड सगळ्यात खोल होता. तिथे दोनदा थांबलो, पुसून उन्हात तिरकं बघितलं, परत बसलो. मग पॉलिश. गाडी बाहेर काढली तेव्हा बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं. मॅनेजर बाहेर येऊन म्हणाला, "मामा, फॅक्टरी फिनिश." मल्लिनाथ पाया पडायला वाकला, मी त्याला वरच्या वर धरला. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. रंगाच्या कामात माझं याहून चांगलं काम झालेलं नाही.

गाडी पास झाली. काम मिळालं.

संध्याकाळी महादेवीचा फोन आला. ती रागावेल, रडेल असं वाटून मी उचलायला कचरत होतो. तिचा आवाज अगदी सरळ होता.

"निगाला व्हय डाग?"

"निघाला."

मग म्हणाली, "तुमची काय चूक न्हाय अण्णा. पण आता एक करा. रोज सकाळी हे घरी पोचले की मी तुमाला मिस कॉल देईन. उचलू नका, पैसे जातेत. नुसतं आले म्हणून समजा. येकटीनं वाट बगायला मला लई जड जातंय."

तेव्हापासून सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला फोन एकदा वाजतो आणि थांबतो. यंदा मी काम सोडलं, पण जाग तेव्हाच येते, किंबहुना आधीच येते. डिसेंबरात धुकं पडलं की आठ वाजायचे, आणि मी अंगणातून रस्त्यापर्यंत चालत जाऊन परत यायचो, जणू तिथून टेंभुर्णी दिसणार होती. एकदा नऊ वाजून गेले. स्वतः फोन लावायचं धाडस होईना. तिकडून काय ऐकू येईल ही भीती. शेवटी वाजला. इंदापूरला टायर पंक्चर झालं होतं, हे मला पुढे कधीतरी मल्लिनाथकडूनच कळलं. त्याला या मिस कॉलचं काही माहीत नाही. तो भेटला की गाडीच्या रंगाबद्दल बोलतो. रंग अजून उत्तम आहे.

आमच्या मंडळींना सुरुवातीला हे खूळ वाटलं. "मेल्या गाडीला रंग मारलात, आता तिच्या फेऱ्या पण मोजत बसा," असं म्हणाल्या. मग त्यांना मी सगळं सांगितलं. त्या दिवसापासून फोन वाजेपर्यंत त्या चहाचं आधण ठेवत नाहीत.

आता दसरा परत होऊन गेलाय. रस्त्यावर पहिल्या ट्रॉल्या दिसायला लागल्यात. हे लिहायला सकाळी बसलो तेव्हा फोन वहीशेजारीच ठेवला होता. मध्ये एकदा वाजला, झडप घालून बघितलं तर कर्जाची कुठलीशी जाहिरात. मंडळी आतून दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. मल्लिनाथला त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. आत्ता तिसऱ्यांदा आल्या, ओला हात पदराला पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, पोरगं आलं का आपलं?"

अजून नाही, म्हणालो.